कारणाचा रकाना

माझं काम लिहिण्याचं. ती बोलते, मी लिहितो:
वेळ, निर्णय, कारण,
आणि चौथ्या रकान्यात, जे करायचं नाही असं ठरलं ते.
गोथेनबर्गच्या पोलीस कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
खिडकी नसलेली खोली, अकरा पडदे,
अकराही पडद्यांत एप्रिलचा तोच राखाडी उजेड.

कमांडर गुनवोर एकदाल.
चष्मा केसांत खोचलेला,
आणि हात टेबलावर चष्मा शोधत फिरतोय.
आज डर्बी. सकाळपासून शहर दोन रंगांत वाटलेलं,
माझ्या बहिणीच्या घरात तर नाश्त्यालाच अबोला.

१५:४०.
मिरवणूक पुलाच्या तोंडाशी.
ड्रोन म्हणतो सहा हजार, सिक्स्टेन म्हणतो चार.
सिक्स्टेन त्यांच्यातच चालतोय, पिवळ्या जाकिटात,
ना ढाल ना काठी,
दोन्ही बाजूंच्या थोड्या थोड्या शिव्या खात.

मशाली पेटल्या. लाल धूर पडदाभर.
तोंड झाकणं गुन्हा आहे, आणि निम्म्यांनी
नाकापर्यंत स्कार्फ ओढलेत.
वाऱ्यामुळे, धुरामुळे, की मनात काही आहे म्हणून,
ते इतक्या वरून कळत नाही.

उपप्रमुख लिंडर म्हणतो, "पुलावरच अडवू.
पुढे गेले की अडवायला जागा नाही."
तो चूक बोलत नाही. तेही मी लिहितो.

गेल्या ऑक्टोबरात तिनं अडवलं होतं.
दोन्ही टोकं बंद, मधली माणसं जात्यात सापडल्यासारखी.
एक घोडा घसरला. सोळा वर्षांच्या पोराचा गुडघा
त्याच्याखाली.
चौकशीत त्यांनी एवढंच विचारलं:
त्या क्षणी तुम्हाला काय ठाऊक होतं?
आज काय ठाऊक आहे ते नको. तेव्हा.
माझी वही टेबलावर उघडी होती.
कारणाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, एक शब्द:
खबरदारी.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.
पण फुंकायलाही वेळ लागतो,
आणि पूल जेमतेम चारशे मीटर.

"सिक्स्टेन," ती म्हणाली, "दिसतंय ते मी पाहतेय.
ऐकू काय येतंय?"
त्यानं वायरलेस उंच धरला असावा.
ढोल. बेसूर गाणं. मग अगदी जवळून
एक बारीक आवाज: बाबा, मला शूला लागली.
खोलीत कुणी हसलं नाही.
लिंडरनं फक्त खुर्ची मागे सरकवली.

१५:४७.
निर्णय: अडवायचं नाही. हेल्मेटं कमरेला, डोक्यावर नकोत.
उत्तरेचं दुसरं फाटक आत्ता उघडा. ट्राम थांबवा.
कारण?
माझं पेन थांबलं. तीही थांबली.
"लिही, इथे मला धुराचा वास येत नाही.
त्याला येतो."
मी तसंच लिहिलं. असं वाक्य त्या रकान्यात
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं थोडक्यात. एक बाटली व्हॅनवर फुटली.
दोघांना अटक, एक जण फारच प्यायलेला.
धुरामुळे सामना नऊ मिनिटं उशिरा.
उद्याचा पेपर लिहील, पोलीस बघत उभे राहिले.
खरंच आहे, उभे होते, बघत होते.
"नशीब," लिंडर कोट चढवत म्हणाला.
"असेलही," ती म्हणाली, आणि ते
नम्रपणे म्हटलं की थकून, मला कळलं नाही.
जे घडलं नाही त्याला माझ्या वहीत रकाना नाही.

सामना सुटला. स्कोअर कुणी विचारला नाही.
चष्मा सापडला होता तिला.
तो लावून ती सातव्या पडद्यापाशी गेली,
जिथे दक्षिणेच्या फाटकातून माणसं बाहेर पडतात,
आणि बराच वेळ उभी राहिली,
एकेका पायाकडे बघत,
कुणी लंगडतंय का.

वेळ २०:०५. पुढे मी काही लिहिलं नाही.